चांदणीचे पंख

"थांबव. मागं घे. आता हळू चालव," इन्शा म्हणाली.

दिवाळीच्या सुट्टीत करणच्या ओट्यावर दोघं मोबाईलवर वाकली होती. नदीकाठच्या वाळूवरून दौडत येऊन एक पांढरा पंखवाला घोडा प्रवरेवर उडत होता. शहाण्यासुरत्या माणसांनीही तो पाहून व्हिडिओखाली हात जोडले होते.

"बनवाबनवी हाय," करण म्हणाला. "वाळूवर घोड्याची सावली पडलीय, पंखांची न्हाई. अन् उडणाऱ्या पाखराला छातीचं हाड केवढं लागतं! पंख वढायचं मांस त्यालाच धरून असतंय. ह्याची छाती बघ, साध्या घोड्याची."

इन्शाचं पंखांकडं लक्षच नव्हतं. "उडायच्या आधी बघ. मागचा उजवा खूर घासतोय. ही आमची चांदणी हाय."

चांदणी तिच्या आजोबांची, गनीभाईंची घोडी. गुडघे थकले तशी त्यांनी ती उन्हाळ्यात घोडेगावच्या बाजारात विकली. मागचा पाय जुना अधू, म्हणून वरातीत नुसती चालवायची, पळवायची नाही, या बोलीवर. जनावर विकलं तरी त्याचं दावं देत नाहीत. ते घरी खुंटीवर होतं. चांदणीला परत त्या दाव्यात बघायचं, एवढंच इन्शाच्या मनात होतं.

व्हिडिओत घोड्यामागं ओळखीची वीटभट्टी दिसत होती. दोघांनी सायकली काढल्या.

भट्टीमागच्या शेडात सुनील भेटला. लग्नाचे व्हिडिओ करायचा; चांदणी वरातीसाठी त्यानंच घेतली होती. पोट सुटलेल्या नवरदेवांना शूर दाखवण्यापलीकडं त्याची कला गेली नव्हती, पण तोरा राजाचा.

"पंख कॉम्प्युटरवर लावलेत, पोरी. तिला कशाचा त्रास?"

"पंख खोटे, काका. पळणं तर खरं हुतं ना? किती वेळा पळवलं?"

"उडी मनासारखी येईना. बारा-तेरा वेळा." बोलता बोलता त्याचीच मान खाली गेली. "डॉक्टर येऊन गेले. उठायची न्हाई म्हणाले."

शेडामागं चांदणी आडवी पडली होती. मागचा पाय सुजून खांबासारखा झाला होता.

करणनं फोन लावला. गनीभाई रिक्षातून उतरले ते हातात दावं घेऊनच. सुनीलकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"शाबास, बेटी. साऱ्यांनी पंख बघितले, तू पाय बघितलास."

"उशीर झाला, दादाजान."

ते दुखरे गुडघे मोडून खाली बसले. चांदणीच्या गळ्यात दावं बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली.

"चल, चांदणे. घरी."

चांदणीनं कान टवकारले, मान उचलली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. पुन्हा ती उचलली नाही.