दहा वजा

शून्यापासून माप घेणारा माणूस दिसला की माझं डोकं फिरतं. टेपच्या टोकाची ती पत्र्याची पट्टी चार वेळा आपटली की खिळखिळी होते, आणि सूतभर फरक पडला तरी कपाटाचं दार लागत नाही. म्हणून टेप दहाच्या खुणेवर धरायचा आणि आलेल्या मापातून दहा वजा करायचे. फळीवर कापायची खूण करताना उलटं, दहा मिळवायचे. हे मला दादानं शिकवलं. विसरलो की म्हणायचा, बोट कापलंस तर डॉक्टर जोडेल, फळी कोण जोडणार?

आम्ही दोघं भाऊ घरदुरुस्तीची कामं घेतो. घ्यायचो. चार महिन्यांपूर्वी दादा परांचीवरून पडला आणि मानेखालचं सगळं गेलं. हात हलत नाहीत, पाय हलत नाहीत, बोलणं तेवढं शाबूत. परांचीची फळी बहात्तर इंच हवी होती, बरोबर दादाच्या उंचीएवढी. ती बासष्ट निघाली. टोकाला जेमतेम टेकली होती. कापली मीच होती, घाईत दहा मिळवायचे राहिले. लोक म्हणाले, फळी सटकली. मीही मान डोलावली. तेव्हापासून त्याच्या डोळ्यांत बघून बोलायची माझी छाती होत नाही.

सोमवारी सकाळी नऊला गाडी येणार होती, ऑपरेशनसाठी त्याला न्यायला. दवाखान्यातून घरी आणला तेव्हा चौघांनी तिरका करून आतल्या खोलीत नेला होता आणि त्यात दुखणं आणखी वाढलं. डॉक्टरांनी आम्हाला चांगलंच फैलावर घेतलं. आता वाकवायचा नाही, तिरका करायचा नाही, चाकाच्या खाटेवर आडवा, सरळ बाहेर काढायचा. नाहीतर श्वासही जाईल. खाट तीस इंच रुंद. खोलीचं एकुलतं एक दार सव्वीस.

म्हणून शनिवारी मी दाराच्या दोन्ही बाजूंची भिंत पाच-पाच इंच फोडली. कडा गिलावा करून सरळ केल्या, उंबऱ्याला छत्तीस इंचांचा दगड बसवला. वहिनी मलबा उचलता उचलता म्हणाली, "भाऊजी, लोकांची घरं फोडून झाली, आता आपला नंबर का?" आत दादा हसला. चार महिन्यांत पहिल्यांदा.

रविवारी सकाळी खाट आत न्यायला गेलो तर अडकली. टेप लावला. छत्तीस. वजा दहा, सव्वीस. मी स्वतःला दोन शिव्या हासडल्या. काल वजा करायचे विसरलो असणार, दुसरं काय. पण मग अंगणातला मलबा कुठला? ओळंबा सोडून बघितला, कडा सरळ. गिलाव्याला एक तडा नाही. उंबऱ्याचा दगड दोन्ही भिंतींना घट्ट भिडलेला, दोन्ही टोकांना माझी पेन्सिलची खूण. लाकूड आखडतं, फुगतं, ते मला कळतं. दगड आखडलेला मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

घण उचलला आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा छत्तीस केलं. तीनदा मापलं. वहिनी टेपकडे बघत उभी होती.

"दहा वजा केलेस ना?" दादानं आतून विचारलं.

"केले."

"नक्की?"

त्यानं असं याआधी कधीच विचारलं नव्हतं.

सोमवारी उजाडल्यावर वहिनी चहा घेऊन त्याच्याकडे निघाली आणि बाहेरच थांबली. दार होतं तिथे जेमतेम हात जाईल एवढी फट उरली होती. आत अंधार. गिलावा कोरडा, गुळगुळीत, जसा काही वर्षांपूर्वीचा. वहिनी भिंतीला हात लावून त्याला हाका मारत राहिली.

मी घण उगारला.

"मारू नकोस," दादा म्हणाला. आवाज अगदी जवळून आला. "भिंत माझ्या डोक्याला टेकलीय."

घण खाली ठेवला. रडू आलं. जे चार महिने गिळलं होतं ते बाहेर पडलं. "दादा, ती फळी मी कापली. दहा मिळवायचे राहिले."

"माहितीय."

मग म्हणाला, "टेप आत दे. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत किती उरलंय बघू."

मी टेप फटीतून आत सरकवत गेलो. हातभर गेला, आणखी गेला. मग पलीकडच्या टोकाला कुणीतरी तो धरला आणि ताणला.

"कोण आहे आत?" मी विचारलं.

"मीच. दहावर धरलंय. वाच."

टेप ताठ होता, जराही हलत नव्हता. दादा पूर्वी धरायचा तसा.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. वहिनीनं दादाच्या कपड्यांची पिशवी छातीशी धरली होती. तिनं विचारलं, "किती आलं?"

मी आकडा वाचला. पुन्हा वाचला.

"बहात्तर," मी म्हणालो.

वहिनीनं सुटकेचा निःश्वास सोडला. "म्हणजे मावतील ते. सरळ मावतील."

मी मान डोलावली. दहा वजा केले नाहीत.