पंपात मिठाचं पाणी

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा दार ढकलत होता. दारावर चांगलं ठसठशीत लिहिलेलं आहे — ओढा.

"ढकलू नका हो, ओढा!" मी आतून ओरडले. त्याने आणखी जोर लावला. शेवटी मी मशीनवरून उठून काचेशी गेले, हाताने खूण केली, तेव्हा कुठे स्वारीच्या डोक्यात प्रकाश पडला. दार उघडलं. बाहेर भुरभुर चालू होती आणि त्याच्या चष्म्यावर थेंबच थेंब.

"माफ करा," चष्मा पुसत तो म्हणाला. "मी इंजिनिअर आहे."

"ते दिसलंच!"

माझी जीभ अशीच आहे, काय करणार. आत्या म्हणते, हिच्या जिभेला धार लावायला द्यावी लागत नाही. दुकान आम्हा दोघींचं. ती कापते, मी शिवते, आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं काम तिच्याकडे आहे, कारण मला ते जमत नाही.

त्याने कोट बाजूला केला. कमरेच्या पट्ट्याला काडेपेटीहून थोडं मोठं यंत्र लटकत होतं. त्यातून एक बारीक पारदर्शक नळी निघून शर्टाच्या आत गेली होती. मग त्याने बाही वर केली. दंडावर पांढरी, नाण्याएवढी चकती चिकटवलेली.

"हा इन्सुलिनचा पंप," तो म्हणाला. "आणि दंडावर सेन्सर. सेन्सर दर पाच मिनिटांनी साखर मोजतो, पंपाला कळवतो, आणि पंप लागेल तसं इन्सुलिन पोटात सोडतो. आम्ही बनवतो हे. सगळं छान आहे... पण नळी दुमडते. नळी दुमडली की औषध अडतं आणि पंप बोंब मारतो. मला ह्याच्यासाठी नीट पट्टा शिवून हवाय."

माझ्या हातातला खडू खाली पडला.

आता तुम्हाला सांगायला हरकत नाही. मला चौदाव्या वर्षापासून मधुमेह आहे. दिवसातून चार वेळा मी ट्रायल रूमचा पडदा ओढते, बटणांच्या डब्यातलं इन्सुलिनचं पेन काढते, पोटात टोचते, आणि हसतमुखाने बाहेर येते. अख्ख्या गल्लीत हे फक्त आत्याला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी माझं जमलेलं लग्न ह्याच कारणावरून मोडलं, तेव्हापासून आत्याने मला बजावून ठेवलं होतं — कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. आणि इथे हा भिजलेला माणूस, पंप लावून, बाही वर करून, जगाला दाखवत उभा! ना लाज ना संकोच. मी बघतच राहिले.

"तुम्हाला हे... कधीपासून?" असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मला स्वतःला कुणी असं विचारलेलं खपत नाही. म्हणून मी त्याला विचारलं नाही.

"उभे राहा सरळ," मी टेप काढत म्हणाले. "आणि पोट आत ओढू नका. खोटं माप घेऊन पट्टा शिवला तर मला दोष द्याल."

"मी ओढलंच नाही."

"कान लाल झालेत तुमचे. ओढलंय."

त्याने श्वास सोडला. टेप दोन बोटं सैल करावी लागली. तिकडे टेबलापाशी आत्या ओठांत टाचण्या धरून खोकल्यासारखं काहीतरी करत होती. ती हसत होती.

माप घेऊन झालं, तरी मला चैन पडेना. "तुमच्या कचेरीत हे यंत्र बसवायची जागा ठरवली कुणी?"

"आम्ही. पुतळ्यावर मापं घेऊन."

"पुतळा उभा होता?"

"पुतळे उभेच असतात ना..."

"आणि माणसं? बसा बघू त्या स्टुलावर."

तो बसला. पोटाला घडी पडली, यंत्र वर सरकलं, नळी पट्ट्याखाली चिमटली, आणि तीन मिनिटांत पंपाने बोंब मारली. मी फक्त भुवया उंचावल्या. तो खाली मान घालून नळीकडे असा बघत होता की मला त्याची दयाच आली.

"आठ महिने," तो हळूच म्हणाला. "आठ महिने आम्ही नळीच बदलतोय."

"उभ्याचं माप वेगळं, बसल्याचं वेगळं. पहिल्या आठवड्यात शिकवतात आम्हाला. परवा या."

तो परवा आला. मग गुरुवारी आला. मग सोमवारी, ज्या दिवशी त्याला बोलावलंच नव्हतं. दार मात्र दर वेळी ढकलायचा. पट्ट्याला मी खिसा तिरका लावला, नळीला वळण घ्यायला मऊ कापडाची वाट ठेवली. तो बसायचा, वाकायचा, बुटाची नाडी बांधायचा, आणि पंप गप्प राहिला की लहान मुलासारखा खूश व्हायचा.

"तुमचं आणि माझं काम तसं एकच," एकदा तो म्हणाला. "कुणाच्या तरी अंगाला लागायचं, पण टोचायचं नाही."

"मी टोचते अधूनमधून."

"अनुभव आहे," तो म्हणाला, आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मी उगाचच इस्त्री फिरवायला लागले. इस्त्रीखाली कापड नव्हतं, हे आत्याने सांगितल्यावर कळलं.

एका दुपारी त्याने केक आणला. स्वतः दोन मोठे तुकडे खाल्ले, वरून साखरेचा चहा! माझा जीव वरखाली. मी त्याच्या पंपाच्या पडद्यावरून नजर काढेना. अठ्ठ्याण्णव. मग एकशे दहा. मग एकशे एकवीस... आणि परत खाली. बस्स. मी एवढा केक खाल्ला असता तर आकडा छपराला टेकला असता.

"हा पंप..." मी आकड्याकडे बोट दाखवलं. "एवढं छान सांभाळतो?"

"प्रयत्न चालू आहेत," तो लाजत म्हणाला. मला वाटलं, काय हा विनय!

त्या रात्री झोपेपर्यंत मी त्याच आकड्यांचा विचार करत होते. वाटलं, असं जगता येतं तर! आणि खरं सांगायचं तर, वाटलं — असा माणूस मिळाला तर! ज्याला काही समजावून सांगावं लागणार नाही. ज्याच्यापासून पडदा ओढायला नको. मी आत्याला म्हणाले, "मी त्याला सांगणार आहे."

आत्याने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "मागच्या वेळी सांगितलंस तेव्हा काय झालं?"

"तो वेगळा होता. हा आपल्यातला आहे, आत्या."

तिने टाचण्या परत तोंडात धरल्या त्या जरा घाईनेच.

शेवटच्या मापाला तो आला तेव्हा मी माझा निळा कुडता घातला होता. मुद्दाम. त्याच्या ते लक्षात आलं, आणि त्याच्या लक्षात आलंय हे माझ्या. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, आत्या मागे कापड मोजत होती.

"मला तुम्हाला एक सांगायचंय..." मी सुरुवात केली.

"मलाही," तो म्हणाला. "फक्त एक मिनिट हं, पंप रिकामा झालाय." त्याने पिशवीतून एक बाटली काढली, पंपाची छोटी कुपी त्यात बुडवली आणि भरून घेतली. इन्सुलिन असं बाटलीत, पिशवीत, जेवणाच्या डब्याशेजारी कोण ठेवतं?

"हे काय आहे?"

"मिठाचं पाणी."

"आणि इन्सुलिन?"

"मला कशाला इन्सुलिन?" तो हसला. "मला कुठे मधुमेह आहे! आमच्या कचेरीत सगळेच लावून फिरतात. पट्टा कुठे काचतो, गजर कधी होतो, ते कळायला. पाण्यावर चालतो तो."

मी मटकन स्टुलावर बसले.

"पण केक... एकशे एकवीस..."

"ते होय!" तो अजून हसतच होता. "ती करामत पंपाची नाही, माझ्याच शरीराची. साधं निरोगी शरीर हे आपोआपच करतं."

साधं निरोगी शरीर. बस, तिथे माझा बांध फुटला.

"रोज चार सुया टोचते मी पोटात," मी म्हणाले. "तेरा वर्षं. त्यात पाणी नसतं. तुम्ही इथे येऊन केक खाता, आकडा दाखवता, आणि मी वेडी इथे बसून... मला वाटलं तुम्हाला कळेल. निघा तुम्ही. पट्टा घ्या आणि निघा!"

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो उलट्या पावली निघाला. पट्टा टेबलावर तसाच राहिला. मी पडद्याआड जाऊन पोटभर रडले, आणि बाहेर आत्या कितीतरी वेळ एकच कापड मोजत होती.

चार दिवस तो आला नाही. बरंच झालं, असं मी दिवसातून वीस वेळा म्हणत होते. शिवण उसवायची आणि परत घालायची, एवढंच काम माझ्याकडून झालं. आत्याने एकदाही "मी सांगत होते ना" म्हटलं नाही. म्हटलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

पाचव्या दिवशी दार वाजलं. तो आत आला. दंडावर चकती नव्हती, कमरेला पंप नव्हता. हातात कागदांची गुंडाळी.

"दोन मिनिटं," तो म्हणाला. "मग जातो." त्याने टेबलावर कागद पसरले. डोंगरदऱ्यांसारख्या रेषा, वर जाणाऱ्या, खाली कोसळणाऱ्या. "हे खऱ्या माणसांचे आलेख. ज्यांना मधुमेह आहे, आणि ज्यांनी आमचा पंप लावलाय. बघा... केक खाल्ल्यावर चढलाय. इथे पळायला गेलेत, घसरलाय. पंप लावला की सगळं सरळ होत नाही. पण दऱ्या कमी खोल होतात. रात्री जरा जास्त झोप लागते. एवढंच. ह्याच्यापेक्षा जास्त मी सांगितलं तर खोटं होईल."

मी एका रेषेवर बोट ठेवलं. पहाटे तीनला साखर घसरत होती आणि पंपाने औषध थांबवल्यावर हळूहळू सावरली होती. ती वेळ मला चांगली माहीत होती. घामाने चिंब होऊन जाग येते ती वेळ.

"त्या दिवशी मी हसलो," तो म्हणाला. "चार दिवस मला ते हसणं ऐकू येतंय. मी हे यंत्र बनवतो आणि मला... मला काही म्हणजे काही कळत नाही. माफ करा."

"आणि?" मी म्हणाले. कारण त्याचं बोलणं संपलंय असं त्याच्या चेहऱ्यावरून दिसत नव्हतं.

"नवी चाचणी सुरू होतेय. तीन महिन्यांची. माणसं हवीत. डॉक्टरांनी होकार दिला तर तुम्ही येऊ शकता. पण..." त्याने चष्मा काढला, उगाच पुसला. "बनवणाऱ्याने चाचणीतल्या माणसाशी काही संबंध ठेवायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. भेटायचं नाही, फोनसुद्धा नाही. दोन दिवस वाटत होतं, तुम्हाला सांगूच नये. म्हणजे मला येता आलं असतं... इथे."

"मग सांगितलंत का?"

"तुम्हाला पहाटे झोप लागायला हवी म्हणून."

एवढंच बोलला तो. कुठे फुलं नाहीत, काही नाही. पण मला आयुष्यात कुणी ह्याहून गोड काही म्हटलेलं नाही. लग्न मोडणारा तो दुसरा, त्याने म्हटलं होतं, "तुझ्या आजारपणाचं मी काय करू?" आणि ह्याला माझी झोप हवी होती, स्वतःचं येणं-जाणं बंद करून.

"मी येणार चाचणीला," मी म्हणाले.

"छान," तो म्हणाला. आवाज मात्र पार पडलेला.

नेमक्या त्याच वेळी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या काकू आत आल्या. त्यांच्या कानावर घातलं की सगळ्या गल्लीला कळतं. त्यांनी कागद पाहिले, त्याला पाहिलं, मला पाहिलं. "हे कोण गं? गिऱ्हाईक?"

आत्याची कात्री थांबली. तिने माझ्याकडे बघून मान हलवली — नको. मी तिच्याकडे पाहिलं. कितीतरी वर्षं मी त्या पडद्यामागे जात होते. मला एकदम फार कंटाळा आला त्या पडद्याचा.

"काकू, मला मधुमेह आहे," मी म्हणाले. "लहानपणापासून. मी औषध दुसऱ्या गल्लीतून आणते, म्हणून तुम्हाला माहीत नाही. आणि हा माणूस मला आवडतो. त्याला अजून सांगितलेलं नाही, आत्ताच कळलं असेल."

तो जागच्या जागी उभा. कान लालबुंद.

काकूंनी आ वासला, मिटला. "अगं बाई..." त्या म्हणाल्या. "बरं. आणि माझा ड्रेस?"

"मंगळवारी या."

त्या गेल्या. आत्याने टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या आणि "मी चहा ठेवते, ह्यांना साखरेचा, तुला बिनसाखरेचा," असं मोठ्याने, दार सताड उघडं असताना म्हणाली. तिचा आवाज कापत होता. पण म्हणाली.

"चाचणी कधी सुरू होते?" मी त्याला विचारलं.

"सोमवारी."

"म्हणजे अजून तीन दिवस आहेत. बसा. तीन महिन्यांचं बोलून घ्या."

तो बसला. कागद बाजूला सारले, घसा खाकरला, आणि कुठून सुरुवात करावी ते त्याला काही केल्या सुचेना. मी माझा हात टेबलावर ठेवला. त्याने बराच विचार करून आपला हात त्यावर ठेवला आणि म्हणाला, "मला तुम्ही फार आवडता. आता पुढचं सांगू?"

"सांगा," मी म्हणाले. "मी ऐकतेय."