ओठांवरचं बोलणं

धाकटीला शाळेतून काढून गिरणीत घातलं, त्याला आठ दिवस झाले होते. गिरणीच्या स्वस्त कापडानं बापाचा हातमाग मोडीत काढला. मग बापानं त्याच गिरणीत आधी थोरलीला धाडलं आणि थोरली तापानं गेल्यावर धाकटीला. स्वतः दारात बसून जुन्या विणीचे गोडवे गायला मोकळा! मोठ्यांचं बरं असतं. हळहळायला ते, राबायला पोरी.

विणाई खात्यात शंभर माग एकदम खडखडत. तिथं कितीही ओरडा, व्यर्थ. म्हणून बायका नुसते ओठ हलवून बोलत आणि समोरची ओठांवरून वाचे. "अगं, धागा तुटला! डोळे आहेत की बटणं?" शेजारीण लांबूनच ओठांनी टोमणा मारी, आणि धाकटीला हसू येई. भाषा जमत चालली होती.

फक्त खांबाआडची ती बाई काय म्हणते, ते कळेना. कापसाच्या धुळीत चेहरा पुसट, पण ओठ सारखे हलत. तेच ते, भर दुपारी. आणि तिच्याकडं कुणीच बघत नसे...

जेवणाच्या सुट्टीत माग थांबले. पलीकडच्या मागावर राबणारी आई डबा उघडून शेजारी बसली. "आई, ती खांबापाशी कोण असते गं?"

"कोणी नाही. तू धाग्याकडं बघ."

"कोणी नाही, तर मान का फिरवलीस?"

आईनं अर्धा डबा तसाच बंद केला.

माग पुन्हा सुरू झाले. धाकटीनं मुद्दाम वर पाहिलं. धूळ जरा विरळ होती. एक शब्द जुळला. मग दुसरा.

वेणी... सोडव...

बाईची मान मागं खेचलेली होती, वर फिरणाऱ्या, माग चालवणाऱ्या चामडी पट्ट्याकडं. आणि ओठ थोरलीचे होते.

ताप म्हणे! म्हणूनच शेवटचं तोंडसुद्धा बघू दिलं नव्हतं.

ती आईकडं वळली. आईची मान खाली होती, पण तिचेही ओठ हलत होते. "सोडवते गं बाळा... जरा थांब..."

तेवढ्यात धाकटीच्या वेणीला मागून हलकासा हिसका बसला.

तिनं धाग्याची कात्री उचलली, वेणी मुळापासून कापली आणि आईपुढं टाकली. "मी शाळेत चालले," ती ओठांनीच म्हणाली. "माझ्या मागावर बाबांना उभं कर."

दारातून तिनं एकदाच वळून पाहिलं. आई कापलेली वेणी उचलून उठत होती. तिच्या मुठीत दोन वेण्या होत्या. एक खाली लोंबत होती. दुसरी... वर, पट्ट्याच्या दिशेनं, ताठ ओढलेली.