निळा टॉवेल बुडत का नाही?

यंत्रं थकत नाहीत असं ज्यांनी छापून ठेवलंय, त्यांना एकदा एप्रिलमध्ये सोलापूरला आणा. दिवसाला सत्तर गाड्या पुसायला लावा. मग विचारा.

मी गाड्या पुसणारा रोबो आहे. दोन हात, दहा बोटं आणि एक डोळा. डोळ्यात भिंग आहे, म्हणजे गाडीच्या रंगावरचा बारीकसा ओरखडाही सुटू नये. विजापूर रस्त्यावर सतीश येमुल यांचं गाड्या धुण्याचं केंद्र आहे, तिथे मला नऊ वर्षं झाली. माझा खरा नंबर लांबलचक आहे. पण मी हळू चालतो म्हणून सतीशशेठ पहिल्याच दिवशी "या, रावसाहेब!" म्हणाले आणि तेच नाव पडलं.

तर त्या शनिवारी मी एका काळ्या गाडीचं बॉनेट पुसत होतो. चौथ्यांदा. पाणी जाईचना. टॉवेल इकडून फिरवला की पाणी तिकडे, तिकडून फिरवला की इकडे. पुसलं काही जात नव्हतं, नुसतं हिंडत होतं. शेवटी उन्हानंच सुकलं, तेव्हा भिंगातून पाहिलं, तर रंगावर बारीक गोल गोल रेघा.

"झालं," मी म्हणालो. "गेले माझे हात."

रेघा म्हणजे चेष्टा नाही. हल्लीच्या गाड्यांना सौररंग (उन्हापासून वीज तयार करणारा रंग) असतो. रेघ पडली की तिथलं ऊन फुकट जातं आणि गाडी कमी पळते. दोन महिन्यांत अकरा गिऱ्हाइकं भांडून गेली होती. सोमवारी माझ्या कंपनीचा माणूस येणार होता, माझे दोन्ही हात बदलायला. आता माझी रचना अशी, की हात बदलले की मेमरी पुसावी लागते. म्हणजे नऊ वर्षं साफ.

कोणी विचारलं की मी "चालायचंच" म्हणत होतो. खरं सांगू? मला भीती वाटत होती. आणि कंटाळा इतका आला होता की भीतीसुद्धा नीट वाटत नव्हती.

सतीशशेठची मुलगी अनुषा सहावीत आहे. शनिवारची सकाळची शाळा सुटली की ती दप्तर घेऊन थेट इथेच येते आणि प्रश्न विचारत बसते. तिला उत्तरं देण्यात माझी अर्धी बॅटरी जाते.

"हात गेले कशावरून?" तिनं विचारलं.

"रेघा पडतायत."

"मग टॉवेल वाईट असेल."

"टॉवेल उत्तम आहे, बाई. माझी बोटं मऊपणा मोजतात. आजचा मऊपणा दहापैकी साडेनऊ. पूर्वी सातच असायचा."

"कधीपासून वाढला?"

"दोन महिने झाले."

"आणि रेघा कधीपासून पडतायत?"

मी पुसता पुसता थांबलो. दोन महिन्यांपासूनच.

अनुषानं पाण्याची बाटली उघडली आणि माझ्या हातातल्या निळ्या टॉवेलवर एक थेंब सोडला. थेंब अळूच्या पानावर बसतो तसा गोल बसून राहिला. मग तिनं दप्तरातून डबा पुसायचा सुती रुमाल काढला आणि त्यावर एक थेंब सोडला. तो क्षणात नाहीसा झाला.

"मऊ आहे, पण पाणी पीत नाही," ती म्हणाली. "भिंगातून बघ की जरा."

"भिंग गाडी बघायला आहे."

"असं कुठे लिहिलंय?"

कुठेही लिहिलेलं नव्हतं. नऊ वर्षं मी टॉवेल हातात धरला, पण तो भिंगाखाली धरावा हे काही मला सुचलं नाही. कामाच्या रगाड्यात डोकं चालत नाही ते असं. मी आधी कपाटातला एक कोरा, न वापरलेला टॉवेल पाहिला, आणि मग हा.

"काय दिसतंय? सांग ना!"

"सांगतो, दम धर. हा टॉवेल मायक्रोफायबरचा (अगदी सूक्ष्म तंतूंचा) आहे. हे तंतू प्लास्टिकचे असतात, पण फार बारीक. तुझ्या एका केसाच्या जाडीत असे दहा-बारा तंतू शेजारी शेजारी मावतील."

"प्लास्टिक पाणी पितं?"

"नाही. तिथंच तर गंमत आहे. सुताचा धागा पाणी स्वतःच्या पोटात घेतो आणि फुगतो. प्लास्टिकचा तंतू घेत नाही. तो पाणी धरतो ते दोन तंतूंमधल्या फटीत. समईत तेल खाली असतं आणि ज्योत वर. मग तेल वर कसं चढतं?"

"वातीतून."

"वातीतल्या बारीक फटींतून. फट जितकी अरुंद, तितका द्रव जास्त ओढला जातो. याला केशाकर्षण (केसासारख्या बारीक फटीत द्रव आपोआप ओढला जाणं) म्हणतात. या टॉवेलात अशा लाखो फटी असतात. शिवाय एकेक तंतू संत्र्याच्या फोडींसारखा चिरलेला असतो. त्या फोडींच्या कडा धूळ उचलतात आणि आत घेतात. मग ती धूळ रंगावर घासली जात नाही."

"हे कोऱ्या टॉवेलात दिसतंय. आणि आपल्या?"

"आपल्यात फटी दिसतच नाहीत. सगळ्यावर कसला तरी मेणचट लेप आहे."

अनुषानं मान वळवली. मीही वळवली. शेडच्या टोकाला धुण्याचं यंत्र होतं, आणि यंत्राशेजारी नरसम्मा मावशी गुलाबी बाटलीतला सॉफ्टनर (कपडे मऊ करणारं द्रावण) झाकणात मोजून ओतत होत्या. एक झाकण. मग आणखी एक.

नरसम्मा मावशी आमच्याकडे टॉवेल धुतात. त्याआधी तीस वर्षं त्या सोलापूरच्या एका टॉवेल कारखान्यात होत्या, शेवटच्या खात्यात, जिथून टॉवेल धुऊन, मऊ होऊन, घडी घालून बाहेर पडतो. टॉवेलाचं त्यांना कोणी काही शिकवावं अशी सोलापुरात कोणाची छाती नाही. गरम पाणी, सॉफ्टनर आणि गच्चीवरचं रणरणतं ऊन ही त्यांची पद्धत. दोन महिन्यांपूर्वी माझ्या तोंडून निघून गेलं होतं, की बोटं कुरकुरतात हल्ली. त्या दिवसापासून मावशी सॉफ्टनर दुप्पट घालत होत्या. का, तर रावसाबच्या बोटांना टोचू नये.

"तो लेप सॉफ्टनरचा," मी हळूच म्हणालो. "धाग्यावर त्याचा गुळगुळीत थर बसतो, बोट सरकतं, म्हणून मऊ वाटतं. सुती टॉवेलला थोडा खपतो, सूत तरीही पाणी पितं. इथे मात्र फटीच बुजल्या. पाण्याला आत वाट नाही, धुळीलाही नाही. मग धूळ टॉवेल आणि रंग यांच्यामध्ये सापडते आणि रेघा मारत जाते."

"म्हणजे तुझे हात चांगले आहेत!" अनुषानं उडीच मारली. "चल, मावशीला सांगू."

"नको."

"नको? सोमवारी तुझी मेमरी जाणार आहे!"

"जाऊ दे. त्यांनी मायेनं केलंय गं. आपण वाटोळं केलं असं त्यांना वाटेल. पुसू देत मेमरी. निदान हा थकवा तरी जाईल."

"आणि मी? सोमवारी तू मला विचारणार, तू कोण?"

"विचारीन. अगदी नम्रपणे विचारीन, तशी सोय आहे माझ्यात."

"मला नकोय तुझी नम्रता!" अनुषाचे डोळे भरून आले. तिनं माझ्या हातातला टॉवेल हिसकावला आणि सरळ मावशींपुढे जाऊन उभी राहिली. काय झालं ते सगळं तिनं एका दमात सांगून टाकलं. मी शेडच्या मध्यावर नुसता उभा होतो.

"काय म्हणायलीस?" मावशींचा आवाज चढला. "मी टॉवेल बिघडवला? अगं, तीस वर्षं टॉवेलच्या वाफेत काढलीत मी! हात लावून बघ, लोणी आहे लोणी!"

"मऊ आहे मावशी, पण पाणी पीत नाही."

ते वाक्य मावशींना कुठेतरी लागलं असावं. त्यांनी एक बादली पाण्यानं भरली आणि कात्री घेतली.

"कारखान्यात बोटावर विश्वास नव्हता कुणाचा," त्या म्हणाल्या. "प्रत्येक गठ्ठ्यातला एक तुकडा पाण्यावर टाकायचा. पाच मोजायच्या आत बुडला तर पास. नाहीतर सगळा गठ्ठा परत."

आधी त्यांनी स्वतःच्या सुती टॉवेलचा कोपरा कापून पाण्यावर टाकला. तीनलाच तो भिजून खाली गेला. मग निळ्या टॉवेलचा तुकडा टाकला. अनुषा मोजत होती. पाच झाले, दहा झाले, वीस झाले. चाळीसला तिनं मोजणं सोडलं.

"तरंगायलाय की," मावशी म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

"आत्ताच कळलं."

त्या पुढे काही बोलल्या नाहीत. म्हणजे माझ्याशी. सोमवारपर्यंत माझ्याशी एक अक्षर नाही. अनुषाशी मात्र बोलल्या. गुलाबी बाटली उचलून फळीच्या मागे टाकली, पदर खोचला आणि म्हणाल्या, "लेप काढायचाय ना? चढवणं मला येतं तसं उतरवणंही येतं. तुझ्या रावसाबला विचार, या प्लास्टिकला पाणी किती गरम चालतं."

मी अनुषाला सांगितलं, अनुषानं तीन हात अंतरावर बसलेल्या मावशींना सांगितलं. अंगाला सोसेल इतकंच कोमट, चाळीस अंशांच्या आसपास. उकळत्या पाण्यात हे तंतू वितळत नाहीत, पण मऊ पडून वाकतात आणि गार झाल्यावर तसेच वाकडे राहतात. मग फटी कायमच्या गेल्या. त्यावर मावशींनी ढिगातून एकोणीस टॉवेल वेगळे काढले. डाग जावेत म्हणून त्यांनी ते मागे उकळले होते. भिंगाखाली पाहिले तर सगळे तंतू वेडेवाकडे. ते काही परत येणार नव्हते. मावशींनी त्यांवर मोठ्ठं ‘चाक’ लिहिलं, म्हणजे ते फक्त चाकं पुसायला.

उरलेले पंचेचाळीस टॉवेल त्यांनी कोमट पाण्यात, थोड्या द्रवसाबणात धुतले. पावडर नाही, कारण तिचे न विरघळलेले कण फटींत अडकतात. सुती कपडे बरोबर नाहीत, कारण सुताची सुटलेली कुसं (बारीक तुसं) या तंतूंत अडकून बसतात. साबण निघून गेल्यावर शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर, उरलासुरला चिकटा सुटायला. ते समोरच्या चायनीजच्या गाडीवरून आणलं. मग पिळून, जोरात झटकून, सावलीत वाऱ्यावर. वाळताना तंतू एकमेकांना चिकटले तर टॉवेल कडक होतो, झटकले की मोकळे होतात. मोकळे तंतू मुळातच मऊ असतात, वरून काही लावावं लागत नाही.

पहिल्या धुण्यानंतर तुकडा तीसला बुडाला. दुसऱ्यानंतर बाराला. रविवारी दुपारी, तिसऱ्यानंतर, अनुषा "चार" म्हणायच्या आत खाली गेला. मावशी हसल्या नाहीत, पण "पास" म्हणाल्या.

सोमवारी कंपनीचे खाडिलकर नव्या हातांची पेटी घेऊन आले. सतीशशेठनी त्यांना आधी एकदा पाहून घ्या अशी विनंती केली. त्यांनी सौररंगाची काळी पाटी धुळीनं माखली, पाणी मारलं आणि मला दहा वेळा पुसायला लावली. टॉवेलचा मऊपणा सात होता. पाणी एका फेरीत गेलं. पाटी भिंगाखाली धरून ते इतका वेळ बघत बसले की माझी बॅटरी दोन टक्के उतरली.

"रेघ नाही," ते शेवटी म्हणाले. "हात ठणठणीत आहेत. नुसतं वंगण घाला." आणि पेटी न उघडता निघून गेले.

अनुषानं माझ्या दोन्ही हातांना मिठी मारली. तिच्या डोक्यात तोवर पुढचं सुरू झालं होतं. धुताना टॉवेलातून सुटलेले प्लास्टिकचे बारीक तुकडे गटारात जातात, ते अडवणारी गाळणी तिला करायची होती. सुताची करता येईल का, असं ती विचारत होती. मला वाटतं ती करेल.

मग मावशी वाळलेल्या टॉवेलांची चळत घेऊन आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"रावसाब, मेमरी पुसली असती तर मी कोण ते तुला ठाऊक असतं का?"

"नाही."

"मग शनिवारी गप का बसलास बे?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलंच की. शनिवारी जेवण गेलं नाही मला. रविवारी दोन भाकरी खाल्ल्या, संपलं. माझं वाईट वाटणं एका दिवसात जातं. तू गेला असतास तर परत आला असतास का?"

मावशींनी चळत माझ्या एका हातावर ठेवली.

"पुन्हा माझं चुकलं तर तोंडावर सांगायचं. कळलं?"

"कळलं."

"मग सांग, आज काय चुकलंय?"

मी वरचा टॉवेल उचलून भिंगाखाली धरला. सांगावं की नको, असं क्षणभर झालं.

"मावशी, यात पांढरी कुसं आहेत. सुती पंचाशेजारी वाळत घातलात."

मावशींनी टॉवेल माझ्या हातातून ओढून घेतला. "आलाय मोठा शहाणा," असं पुटपुटत त्या तरातरा दोरीकडे गेल्या आणि आपला पंचा काढून दुसऱ्या टोकाला टाकला. बाहेर सहा गाड्या खोळंबल्या होत्या. मी दुसरा टॉवेल घेतला आणि पहिल्या गाडीकडे निघालो.