कासव आणि उजवी पाकळी

खरं तर त्या दुपारी मी त्याच्याशी खेळणारच नव्हते. पाहुणे मोरजीहून मुलाला घेऊन मला बघायला पाळीला आले, चहा झाला आणि मोठी माणसं देवळात कौल लावायला गेली. देवाच्या अंगावर चिकटवलेल्या फुलांच्या पाकळ्यांपैकी उजवी पडली तर लग्न, डावी पडली तर विषय संपला. घरात उरलो आम्ही दोघं, स्वयंपाकघरात सुमंगलाकाकी आणि बोटीवर नोकरी करणाऱ्या दादानं आणलेला टीव्हीवरचा टेनिसचा गेम.

“तुमी खेळटले?” मी विचारलं. काहीतरी बोलायला हवं होतं ना…

गेममध्ये सगळी कार्टूनची जनावरं. मी माझी नेहमीची कोंबडी घेतली. त्यानं – कृष्णनाथनं – कासव घेतलं.

“कासव? अहो, तें धावना.”

“मोरजेचो मनीस आनी कितें घेतलो?”

मोरजीच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात, म्हणून. हसताना त्याचे कान लाल झाले. मला ते आवडलं, उगाच कशाला लपवू.

मी मुद्दाम आडवेतिडवे फटके मारत सुटले. त्याचं कासव हळूहळू जायचं आणि बॉल परतवायचं. पॉइंट गेला की बिचारं कवचात शिरायचं.

“तुमका राग येना?”

“कासवां दर्यावेळेर येतात तेन्ना आमी लांब बसून रावतात. घाय केल्यार तीं परत दर्यांत वतात.” तो अडखळला. “तुमचीय… घाय ना.”

माझा सोपा बॉल हुकला. सकाळपर्यंत मी म्हणत होते, देव काय तो निकाल देऊ दे. आता मला डावी पाकळी नको होती. अगदी नको होती.

बरोबरी झाली आणि नेमकी लाईट गेली.

“डावी पडली जाल्यार?” त्यानं हळूच विचारलं.

मी त्याच्या डावीकडे बसले होते. उठले आणि त्याच्या उजवीकडे जाऊन बसले.

“कळ्ळें?”

“कळ्ळें…” कान पुन्हा लाल.

तेवढ्यात मंडळी परतली. बाबांचा चेहरा उतरलेला. “एकय पाकळी पडली ना. आयतारा परत विचारूंया.”

काकी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि दारातच थबकली. “गो, तूं हांच्या दावेवटेन बसल्लें न्ही?”

“हांगासून टीव्ही बरो दिसता.”

काकीनं टीव्हीकडे बघितलं. लाईट अजून आली नव्हती. मग ती बाबांकडे वळली.

“भावोजी, आयतारा देवळांत वतना पेढेय घेवन वचात.”