मांडीवरचा पाटा

कॅम्प-१च्या बाजारातून निघालेल्या शेअर ऑटोत आधीच माणसं कोंबलेली, त्यात समीक्षा चढली ती चांगला जाडजूड दगडी पाटा घेऊन. वरवंटा पिशवीत होता, हे त्यातल्या त्यात नशीब!

"मैडम, ये पत्थर कहाँ रखोगे?" ऑटोवाला करवादला.

समोर एक चष्मेवाला तरुण फोनवर आईशी मराठीत बोलत होता. तेवढी ओळख समीक्षाला पुरली. "जरा धरता का?" म्हणत तिनं पाटा सरळ त्याच्या मांडीवर ठेवला.

सिव्हिक सेंटर आलं... आणि गेलंही.

"मला इथं उतरायचं होतं," तो हळूच म्हणाला.

"मंग उतरले कावून नाही?"

"उतरलो असतो, पण मांडीवर —"

ती खुदकन हसली. "नीट सांभाळा. आमच्या गावच्या रुक्माआजीनं भंडाऱ्याहून डोक्यावर आणला होता. इतं कारखान्याचा पाया खोदून राहिले होते ना, तवा."

"एवढ्या लांब... दगड?"

"नवऱ्याले काम भेटंल का नाही, ठाऊक नव्हतं. भूक तं लागणारच होती ना!"

यावर तो पाटा दोन्ही हातांनी घट्ट धरून शेवटच्या थांब्यापर्यंत गेला. त्याचं नाव ईशान. घर दुर्गला मोहन नगरात, दुकान सिव्हिक सेंटरला, धंदा बोर्ड रंगवायचा. त्या दिवशी दुकान उशिरा उघडलं, हे सांगायला नकोच.

शेवटचा थांबा म्हणजे कोसमटोला, पोलाद कारखान्याची टाउनशिप संपते तिथलं गाव. तिथल्या बचत गटाच्या प्रमुख मनकर्णाबाई, म्हणजे समीक्षाची आई. या बाया पापड लाटायच्या, लोणची घालायच्या आणि वर्षभरापासून एक भलताच उद्योग घेऊन बसल्या होत्या. कारखाना उभा राहताना डोक्यावरून माती वाहणाऱ्या बायांना इथं 'रेजा' म्हणत. कुणी विदर्भातून आलेल्या, कुणी इथल्याच शेतातून उठून गेलेल्या. मोठमोठ्या यंत्रांचे फोटो सगळीकडे लागले. या बायांना मात्र कोणी नाव विचारलं नाही. मग गटानं विचारलं. मोबाइलवर त्यांचं बोलणं भरून घेतलं, टोपल्या-घमेली, रुक्माआजीच्या पाट्यासारखं सामान गोळा केलं आणि तळ्याकाठची शाळेची जुनी खोली सारवून त्यात मांडलं. ना कुणाचा हुकूम, ना कुणाची मदत. असल्या बायांपुढं हात जोडावेत, दुसरं काय!

ईशाननं हात जोडले आणि ब्रश उचलला. "पाट्या मी रंगवतो," म्हणाला. दर रविवारी येऊ लागला. मोहाची फुलं गळायचे दिवस होते, सगळ्या गावाला गोडसर वास. त्या वासात समीक्षा शब्द सांगायची आणि तो लिहायचा.

"लिहा, चुंबळ."

"म्हणजे?"

उत्तर द्यायच्या ऐवजी तिनं ओढणीचा पीळ घातला, गोल वेटोळं केलं, त्याच्या डोक्यावर ठेवलं आणि वर टोपली. "ही चुंबळ. हिच्यावर वझं टेकते. नीट लिहा बरं... शेवटचं अक्षर चुकलं, तं गाव हसंल."

शेवटचं अक्षर चुकलं तर काय होतं, हे त्याच्या क्षणभरानं लक्षात आलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. टोपली पडली. समीक्षाही मग त्याच्याकडे बघेना.

प्रेम जडलं होतं, दुसरं काही नाही. पण बोलायचं कुणी? तो पाट्यांवर भरभरून लिहायचा आणि तिच्यासमोर मुका. त्यात मनकर्णाबाईंनी सांगून टाकलं, "पुढच्या रविवारी गोंदियाचे पाहुणे येऊन राहिले तुले पाहाले." समीक्षा नको म्हणू शकत होती, पण आई विचारणार, कावून? त्या 'कावून'ला तिच्याकडे उत्तर नव्हतं.

आणि त्याआधीच उद्घाटनाचा दिवस उजाडला. फीत रुक्माआजीनं कापली. पंच्याऐंशीच्या घरातली ती म्हातारी आपल्या नावाच्या पाटीवरून बोटं फिरवत राहिली. "मी काय केलं बाई, माती तं वाह्यली," असं नेहमी म्हणणारी, त्या दिवशी म्हणाली, "लय वाह्यली गं मी." सगळ्या बायांनी पदर डोळ्यांना लावले.

मग ईशानला माइकपुढं ढकललं. घरी मराठी, शाळेत हिंदी आणि माइकपुढं दोन्हींची खिचडी! "मी तर बोर्डवाला," तो अडखळत म्हणाला. "पण समीक्षाजींमुळे इतका मोठा संसार बघायला मिळाला. आता त्यांचा संसार हाच माझा संसार आहे!"

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. आणि मग रुक्माआजी, "मंग मुहूर्त कवाचा काढू रे बापू?"

हशा असा उठला की तळ्यावरचे बगळे उडाले. आपलं भाषण आवडलं असं समजून ईशाननं वाकून नमस्कार केला! समीक्षा पळाली ती थेट खोलीमागं. मराठीत संसार म्हणजे घर, चूल, नवरा-बायको. पण हिंदीत संसार म्हणजे नुसती दुनिया. तीही हिंदी शाळेतच शिकलेली. यानं दुनिया म्हटलं असेल, तर आपण सगळ्या गावादेखत वेड्या ठरलो.

तो मागोमाग आला, तोंड उतरलेलं. कुणीतरी समजावून सांगितलं होतं. "सॉरी... मला दुनिया म्हणायचं होतं."

तिनं मान फिरवली. "जाऊन सांगा मंग माइकवर. चूक झाली म्हणा. लोक काय समजून राहिले असतील!"

तो गेला. ती भिंतीला टेकून उभी. भोंगा खरखरला.

"ऐका... मघाशी मी संसार म्हणालो, तो हिंदीतला होता." बायांचा हिरमुसलेला आवाज आला. "समीक्षाजी म्हणाल्या, सांगून टाका. पण —" भोंगा पुन्हा खरखरला. "पण तो मराठीतला असता, तर बरं झालं असतं. मला मराठीतलाच हवा आहे. त्यांची हरकत नसेल तर."

समीक्षा कधी दारात येऊन उभी राहिली, तिलाच कळलं नाही. सगळ्या माना वळल्या. माइकपाशी तो, कानाच्या पाळ्यांसकट लाल.

"आई," ती म्हणाली, आवाज कापत होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला, "गोंदियाले फोन लाव. म्हणा, येऊ नोका."