रफू

प्रयोगशाळेत सगळे तिला रफूवाली म्हणत. काम तसंच होतं. मेंदूचा एमआरआय आला की संगणक त्याच्या घड्यांच्या कडेने रेघ ओढत जातो आणि त्यावरून मेंदूचा सगळा पृष्ठभाग उभा करतो. चित्र कुठे अंधुक असलं की रेघ चुकते, एखादी घडी अख्खीच गाळते. मग रफूवाली तिथे ठिपके द्यायची. गड्या, इथे मेंदू आहे, नीट बघ! संगणक मुकाट्याने सगळं पुन्हा आखायचा.

नियम एकच होता. जे आहे, तिथेच ठिपका द्यायचा.

आईचा स्कॅन आला तेव्हा मॅडम म्हणाल्या, “हा दुसऱ्या कुणाला दे. घरचं माणूस आहे, हात थरथरेल.”

“माझा हात कधी थरथरलाय, मॅडम?” ती हसली. हसू काही खरं नव्हतं. बरेच महिने आई तिला नर्स समजत होती. “उशीर झाला, तुमची आई काळजी करत असेल,” असं वर मायेने म्हणायची. एकदा तरी आईने आपल्याला लेक म्हणून ओळखावं, एवढंच तिला आता हवं होतं.

पडद्यावर डाव्या कानाच्या बाजूची एक घडी गळालेली दिसली. चित्र अंधुक नव्हतं. तिथे खरोखरच काही उरलं नव्हतं. तिला ते पहिल्या नजरेतच कळलं. तरी तिने शेजारी स्वतःचा स्कॅन उघडला. नवं मशीन तपासायला ती एकदा आत झोपली होती, तेव्हाचा. आपली घडी जिथे जिथे होती, तिथे तिथे तिने आईच्या अंधारात ठिपके दिले. वेडेपणाच तो, पण माया नियम वाचून करता येत नाही.

रिकाम्या जागेवरचे ठिपके संगणक मानत नाही. या वेळी मानले. रेघ काळोखात शिरली, वळली, पुन्हा वळली. वळणं तिच्या घडीची होती.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा आई खिडकीपाशी बसली होती. डोळे कसे स्वच्छ.

“आलीस? किती वाट पाहिली तुझी!”

तिला रडूच फुटलं. “ओळखलंस मला?”

“म्हणजे काय?” आईने तिचा हात गालाशी धरला. “तू रागावणार नाहीस ना? बाबा बॅग भरत होते ना, तेव्हा मी पलंगाखाली लपले होते. त्यांचा एक बूट घेऊन. वाटलं, बुटाशिवाय कसे जातील?”

पलंगाखाली ती स्वतः लपली होती, सात वर्षांची. छातीशी बूट, नाकात पॉलिशचा वास. बाबा चपला घालून गेले ते कायमचे. हे तिने जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं.

आईने पांढऱ्या केसांचं डोकं तिच्या मांडीवर ठेवलं.

“आई,” आईच लेकीला म्हणाली, “बाबा परत येतील ना?”

लेकीने केसांवरून हात फिरवला. त्या दिवशी आपल्या आईने आपली कशी समजूत काढली होती, तेच सांगावं म्हणून ती आठवू लागली.

पॉलिशचा वास आठवेना. पलंग आठवेना.

आत्ता तर होतं सगळं.

“सांग ना, आई. येतील ना बाबा?”

“कुणाचे बाबा?” लेकीने विचारलं.